राइट, हक्क आणि हक

दोंडाईच्यात मी एकतीस वर्षे इंग्रजी शिकवले. शिकवलेले बरेचसे आता मीच विसरलो आहे. पण सातवीच्या वर्गात एका मुलीने विचारलेला प्रश्न विसरता आलेला नाही. त्या दिवशी फळ्यावर तीन वाक्ये लिहिली होती. 'युवर आन्सर इज राइट', 'टर्न राइट' आणि 'इट इज माय राइट'. तिन्हींचे मराठी सांगून झाले. तुझे उत्तर बरोबर आहे, उजवीकडे वळ, तो माझा हक्क आहे. तेवढ्यात ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "सर, बरोबर आणि हक्क, दोघांना इंग्रजीत एकच शब्द का? हक्क असला म्हणजे ते बरोबरच असतं का?"

मी म्हणालो, "संदर्भावरून अर्थ ओळखायचा असतो. बस खाली."

तिचा अर्धा प्रश्न भाषेचा होता आणि अर्धा भाषेचा नव्हता. मी पहिल्या अर्ध्याचे उत्तर दिले आणि दुसऱ्या अर्ध्यासह तिला खाली बसवले. मास्तरांना ही कला चांगली साधते. पुढे आयुष्याने तोच प्रश्न माझ्यापुढे ठेवला, तेव्हा मात्र 'बस खाली' म्हणण्याची सोय नव्हती.

खरे तर हा शब्द आपल्या गावाला काही परका नाही. एसटीत शेवटचा माणूस चढला की कंडक्टर 'राइट' म्हणतो आणि गाडी हलते. सुरत-भुसावळ मार्गावरच्या आपल्या स्टेशनात गाडी वेळेवर असेल तर ती 'राइट टाइम' असते. वहीवर मास्तरांनी केलेली खूण म्हणजे 'राइट', आणि ती मिळावी म्हणून पोरे शेजाऱ्याच्या वहीत डोकावतात. ज्यांना इंग्रजीचे एक अक्षर वाचता येत नाही, तेही हा शब्द दिवसातून दहा वेळा वापरतात. शिवाय इंग्रजीत याच उच्चाराचे आणखी दोन शब्द आहेत. एकाचा अर्थ लिहिणे, दुसऱ्याचा अर्थ धार्मिक विधी. तिघांची स्पेलिंगे वेगळी; पण देवनागरीत लिहिले की तिन्ही 'राइट'. लिहिणे, विधी आणि हक्क यांचा माझ्या घरात कसा गुंता झाला, ते पुढे सांगणारच आहे.

शब्दाचा अर्थ नीट कळायचा असेल तर त्याचा विरुद्धार्थी शब्द शोधा, असे मी मुलांना सांगत असे. 'राइट'ला ही कसोटी लावली तर मजा येते. बरोबर या अर्थी त्याच्या विरुद्ध 'रॉंग', म्हणजे चूक. उजवा या अर्थी विरुद्ध 'लेफ्ट', म्हणजे डावा. इथपर्यंत ठीक. पण हक्क या अर्थी काय? आपल्या शाळेच्या पुस्तकात 'हक्क × कर्तव्य' असे छापलेले असते आणि मुले ते पाठ करतात. मीही पाठ करून घेतले. आता वाटते, तिथेच चुकत होतो. चूक ही बरोबरच्या विरुद्ध असते हे खरे; पण कर्तव्य हे हक्काच्या विरुद्ध कसे असेल? एकाच नाण्याच्या दोन बाजू एकमेकींच्या वैरिणी नसतात. माझा हक्क म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी कर्तव्य, आणि त्याचा हक्क म्हणजे माझे.

इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ 'सरळ' असा आहे. भाषापंडित त्याचे नाते लॅटिनमधल्या 'रेक्टस'शी आणि आपल्या संस्कृतातल्या 'ऋजु'शी जोडतात. म्हणजे आपण स्वभावाने सरळ माणसाला 'ऋजू' म्हणतो, तो या शब्दाचा दूरचा भाऊ. जे सरळ ते बरोबर, आणि बहुतेकांचा जो हात सरळ चालतो तो बरोबर हात. उजव्या हाताने जेवावे, मशिदीत उजवा पाय आधी ठेवावा, हे आपण लहानपणीच शिकतो. मराठीत एखाद्याला बाजूला सारण्याला 'डावलणे' म्हणतात. त्या शब्दात 'डावा' बसलेला आहे. आणि रोजच्या नमाजात आपण जी वाट मागतो, ती सिरातुल मुस्तकीम, म्हणजे सरळच वाट. तेव्हा 'सरळ' या कल्पनेतून 'योग्य' निघणे हे सर्व भाषांना समजते. घोटाळा पुढच्या पायरीवर होतो. योग्य ते माझे, इथपर्यंत ठीक. पण मग माणूस हळूच वाक्य उलटे करतो: माझे ते योग्य. एकच शब्द दोन्हीकडे असल्यामुळे वाक्य उलटल्याचा आवाजसुद्धा होत नाही.

मराठीने या एका शब्दासाठी दोन शब्द घेतले: 'अधिकार' आणि 'हक्क'. २००५ चा कायदा झाला तो 'माहितीचा अधिकार'. २००९ चा झाला तो 'शिक्षणाचा हक्क'. इंग्रजीत दोन्ही 'राइट'च. राज्यघटनेतले आपण म्हणतो 'मूलभूत हक्क', हिंदीवाले म्हणतात 'मूल अधिकार'. पण मराठी कानाला या दोन शब्दांत फरक जाणवतो. 'अधिकार' म्हटले की त्याच्या मागून 'अधिकारी' येतो, खुर्ची येते, शिक्का येतो. 'हक्क' म्हटले की खुर्चीसमोर उभा असलेला माणूस येतो. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना हे दोन शब्द उभे असतात, आणि इंग्रजी त्या दोघांना एकाच नावाने हाक मारते.

आपल्या शिंदखेडा तालुक्याने हे टेबल जवळून पाहिले आहे. विखरण दोंडाईच्यापासून फार लांब नाही. तिथल्या वीजप्रकल्पासाठी जमिनी संपादित झाल्या. सार्वजनिक कामासाठी मोबदला देऊन जमीन घेण्याचा सरकारला अधिकार आहे, यात वाद नाही. मालमत्तेचा हक्क तर १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांच्या यादीतूनच निघाला. आता तो कलम ३००-अ मध्ये केवळ कायदेशीर हक्क म्हणून उरला आहे. विखरणचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांची सुमारे पाच एकर जमीन गेली. मोबदला ठरला सुमारे चार लाख रुपये. आपल्या आंब्याच्या झाडांचा नीट विचार झाला नाही आणि शेजारच्या जमिनीला कितीतरी पट रक्कम मिळाली, ही त्यांची तक्रार होती. ती घेऊन ते कार्यालयांचे उंबरे झिजवत राहिले. २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर फेरमूल्यांकन झाले आणि वाढीव रक्कम मंजूर झाली.

आत्महत्या आपल्या दीनमध्ये हराम आहे आणि ती उत्तर नव्हेच. पण एका ऐंशी ओलांडलेल्या माणसाने विचारलेला प्रश्न त्यामुळे खोटा ठरत नाही. पहिला आकडा 'राइट' होता, तर दुसरा कसा 'राइट' झाला? आणि दुसरा बरोबर असेल, तर पहिला इतकी वर्षे कागदावर बरोबर म्हणून कसा उभा राहिला? देशात २०१३ साली भूसंपादनाचा नवा कायदा झाला आणि १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. इंग्रजांच्या काळातल्या १८९४ च्या कायद्याच्या जागी तो आला. त्याच्या इंग्रजी नावाची सुरुवातच 'राइट' या शब्दाने होते: रास्त भरपाईचा राइट. म्हणजे नावात हक्क आहे, नावात रास्तपणाही आहे. शब्द होता, सरकारजवळ होता, छापलेला होता. अधिकार बजावला गेला. तेवढ्याने ते बरोबर होते, असे मात्र झाले नाही.

त्या जानेवारीत आमच्या गावातल्या चहाच्या टपऱ्यांवर दुसरा विषय नव्हता. मी निवृत्त मास्तर, बोलण्याची सवय. मी म्हणत होतो, "कायद्याने जमीन घेता येते म्हणून कितीही देऊन घेता येते काय? कागदावर सही आहे म्हणून माणूस राजी होता असे म्हणाल काय?" लोक माना डोलवत होते. शेजारी बसलेला एक ओळखीचा शेतकरी अहिराणीत म्हणाला, "मास्तर, कागदवर सही तं सगळासनीच व्हस." कागदावर सही तर सगळ्यांचीच असते. तो सहजच बोलला. पण चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला. कारण अशीच एक सही माझ्याही कपाटात होती.

ती सही माझ्या आपांची.

अब्बांचा इंतकाल २००९ साली झाला. मिरचीचा लहानसा व्यापार होता त्यांचा. दोंडाईच्याची मिरची सगळीकडे जाते. हंगामात गावाबाहेर लाल पथाऱ्या पसरतात, देठ खुडणाऱ्या बायकांचे हात आग आग होतात, आणि ठसक्यावरून परक्याला कळते की गाव आले. त्या धंद्यातून अब्बांनी एक घर आणि एक वखार केली. अम्मी आधीच गेल्या होत्या. मागे उरलो आम्ही दोघे: माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या आपा, नंदुरबारला दिलेल्या, आणि मी.

जनाजा कब्रस्तानात ठेवला तेव्हा रिवाजाप्रमाणे मी पुढे झालो आणि सफेत उभ्या असलेल्या लोकांना म्हणालो, "मरहूम पर किसी का कोई हक हो, लेना-देना हो, तो मुझसे कहें. मैं अदा करूंगा." आपल्याकडे ही पद्धत किती चांगली आहे! हदीसमध्ये येते की, एका कर्जदाराच्या जनाजाची नमाज पढवण्यास हुजूर थांबले होते आणि एका सहाब्याने कर्ज अंगावर घेतल्यावरच त्यांनी ती पढवली. शहीदाचे सगळे गुन्हे माफ होतात, कर्ज तेवढे नाही, असेही आपण ऐकत आलो आहोत. दोन-तीन माणसे पुढे आली. कोणाचे बारदानाचे पैसे होते, कोणाची हमाली. मी आठवड्यात फेडले. लोक म्हणाले, मुलाने बापाचे नाव राखले.

ज्यांचा हक सर्वांत मोठा होता, त्या मात्र कब्रस्तानात नव्हत्या. त्या घरात, बायकांमध्ये, अब्बांच्या रिकाम्या खाटेजवळ बसल्या होत्या. माझी घोषणा त्यांनी ऐकली नाही. विधी पूर्ण झाला होता, आणि ज्यासाठी तो विधी होता ते राहूनच गेले होते.

चाळिसावे झाल्यावर हक्कसोड पत्राचा विषय निघाला. कोणी काढला हे आता आठवत नाही, असे म्हणायची मला सवय झाली आहे. पण काढला मीच. नावावर करायला सोपे पडेल, असे म्हणालो. आपा म्हणाल्या, "जैसा तू ठीक समझे, बाबू." दस्तलेखकाने नेहमीचा मजकूर लिहिला: मी स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, माझा संपूर्ण हक्क कायमचा सोडून देत आहे. आपांनी सही केली. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. नाव लिहायला त्यांना वेळ लागला. आम्ही बाहेर आलो, मी त्यांना उसाचा रस पाजला आणि नंदुरबारच्या बसमध्ये बसवून दिले. कंडक्टर 'राइट' म्हणाला आणि बस गेली.

यात कुठे जबरदस्ती होती? कुठेच नाही. कागद कायदेशीर होता. मला तो घेण्याचा पूर्ण हक्क होता. पण एक गोष्ट मी त्यांना कधी विचारली नाही: आपा, तुमचा वाटा किती होतो, माहीत आहे का? सूरह निसात वारसांचे वाटे नेमून दिलेले आहेत. मुलाला दोन मुलींइतके. आम्ही एक भाऊ, एक बहीण. म्हणजे घर-वखार मिळून तिसरा हिस्सा आपांचा. तिथेच सांगितले आहे की, आईवडिलांनी मागे ठेवलेले थोडे असो वा फार, त्यात पुरुषांप्रमाणे बायकांचाही ठरलेला हिस्सा आहे. हा हिस्सा कोणाच्या मेहेरबानीवर ठेवलेला नाही. निकाहाच्या वेळी शरियतचा एक एक मुद्दा काढणारे आपण लोक या एका ठिकाणी एकदम गावच्या रिवाजावर येतो. आणि हा रिवाज काही फक्त आपला नाही. हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला; त्यानंतर हक्कसोड पत्रे थांबली असे काही झाले नाही. खानदेशात बहीण सही करते, कारण तिला माहेर हवे असते. हिस्सा मागितला तर ईदेला भाऊ न्यायला येणार नाही, मुलीच्या लग्नात मामा उभा राहणार नाही. जिला एकीकडे वखार आणि दुसरीकडे भाऊ ठेवून निवड करायला सांगितले, तिची खुशी 'स्वखुशी' कशी?

इथे मला माझ्या घरातला जुना शब्द आठवला. मराठीतला 'हक्क' अरबीतूनच आला आहे. त्याच्याबरोबर 'हकीकत' आली, 'हकदार' आला, 'नाहक' आणि 'हकनाक'ही आले. पण प्रवासात त्याने बरेच काही मागे सोडले. अरबीत 'हक' म्हणजे सत्य; अल्लाहच्या नावांपैकी एक नाव 'अल-हक' आहे. हक म्हणजे देणेही. आणि त्या भाषेत एक बारकी सोय आहे. हक 'त्याच्यासाठी' म्हटले की त्याचा हक्क होतो. हक 'त्याच्यावर' म्हटले की त्याचे कर्तव्य होते. शब्द तोच, फक्त त्याला जोडलेला लहानसा शब्दयोगी बदलतो. आपल्या शाळेच्या पुस्तकाने ज्यांना विरुद्धार्थी ठरवले, ते तिथे एकाच घरात राहतात. हदीसमध्येही हा शब्द बहुतेक वेळा माझ्यावर येऊन पडतो. तुझ्या रबचा तुझ्यावर हक आहे, तुझ्या स्वतःच्या जिवाचा आहे, तुझ्या घरच्यांचा आहे. ज्याचा त्याचा हक त्याला दे, अशी शिकवण आहे. शेजाऱ्याचा हक, आजाऱ्याचा हक, ज्याने सलाम केला त्याचा हक.

सोबतची क्रियापदे पाहा. मराठीत आपण हक्क सांगतो, हक्क बजावतो, फार झाले तर हक्क गाजवतो. घरच्या बोलीत हक अदा करतो, आणि वाईट वागलो तर हक मारतो. मराठी हक्काच्या वाक्यात कर्ता घेणारा असतो; घरच्या हकाच्या वाक्यात कर्ता देणारा असतो. हजला निघालेला माणूस घरोघर जाऊन 'कहा-सुना माफ करना' म्हणतो, ते याच भीतीने. अल्लाहचे हक चुकले तर अल्लाह रहीम आहे. पण बंद्याचे हक, हुकूकुल इबाद, त्या बंद्याने माफ केल्याशिवाय सुटत नाहीत, असे आपले उलेमा सांगत आले आहेत.

यावर कोणी म्हणेल, मग हक्काची भाषाच नको; प्रत्येकाने आपले कर्तव्य करावे, म्हणजे झाले. हे ऐकायला फार गोड आहे. गांधीजींनीही १९४७ साली ज्युलियन हक्सले यांना लिहिलेल्या पत्रात आपल्या निरक्षर पण शहाण्या आईचा दाखला देऊन म्हटले होते की, नीट पार पाडलेल्या कर्तव्यातूनच सगळे हक्क येतात. गांधीजींसारखा माणूस स्वतःला हे सांगतो तेव्हा ते मोठे असते. पण आपल्या घरांत कर्तव्याची आठवण कोणाला करून दिली जाते? सुनेला, बहिणीला, हमालाला. भावाने आपले कर्तव्य ओळखेपर्यंत बहिणीने थांबायचे, तर ती कबरीपर्यंत थांबेल.

म्हणून मागणारा माणूस लागतो. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम बायका मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या. फक्त सात. तोंडी तलाक हा नवऱ्याचा हक्क आहे, असे तेव्हा सगळे म्हणत होते, आणि कायद्यात ते खरेही होते. त्या सात जणींचे म्हणणे एवढेच की, हक्क असेल, बरोबर नाही. माझ्या वर्गातल्या मुलीचाच प्रश्न त्या रस्त्यावरून घेऊन चालल्या होत्या. एका दमातल्या तीन तलाकची प्रथा सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली ती २२ ऑगस्ट २०१७ रोजी, म्हणजे एक्कावन्न वर्षांनी. आपल्या लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, सुरतेत जन्मलेल्या हंसा मेहता यांनी १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकणारे शब्द बदलून 'सर्व माणसे' करायला लावले. त्यांनी ते मागितले नसते, तर कोणाच्या कर्तव्यबुद्धीला ते आपणहून सुचले असते काय?

तेव्हा मला जे सुचते ते एवढेच. ज्याच्या हातात काही नाही, त्याने 'हक्क' म्हणावा आणि मोठ्याने म्हणावा. ज्याच्या हातात आहे, त्याने 'हक' म्हणावा आणि तो कोणाचा, हे शोधायला निघावे. आपण नेमके उलटे करतो. ज्याच्याकडे घर असते तो 'माझा हक्क' म्हणत बसतो, आणि जिच्याकडे काही नसते तिला 'फर्ज' शिकवतो. सरकारच्या टेबलावर हे मला लगेच दिसले. विखरणच्या वृद्धाची बाजू घ्यायला मला कष्ट पडले नाहीत. कारण त्या टेबलाच्या पलीकडे मी बसलेलो नव्हतो.

आपांकडे जायला मला त्यानंतरही पाच महिने लागले. आधी दस्तलेखकाकडे गेलो. म्हणालो, बहिणीचा हक परत द्यायचा आहे. तो हसला. म्हणाला, "सर, हक्क सोडण्याचा दस्त असतो, परत देण्याचा नसतो. तुम्ही बक्षीसपत्र करा." हिशेब केला तेव्हा वखारीची किंमत सगळ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येत होती. वखार आपांच्या नावे करायचे ठरले. कागदावर शब्द पडला: बक्षीस. प्रेमापोटी, आपुलकीपोटी, बंधू भगिनीस बक्षीस देत आहे. जे मी नऊ वर्षे दाबून ठेवले होते, ते देताना कागद मला दाता ठरवत होता. लिहिलेले राइट आणि खरे राइट यांत किती अंतर असू शकते, हे मी चष्मा पुसून दोनदा वाचले.

कागद घेऊन नंदुरबारला गेलो. आपा ओसरीवर भाजी निवडत होत्या. सगळे सांगून झाले. मनातल्या मनात मी त्यांचे उत्तरही लिहून नेले होते. त्या डोळे पुसतील, म्हणतील, "अरे बाबू, मुझे क्या करना है, मैंने तो कब का दे दिया था." मग मी आग्रह करीन, त्या नको म्हणतील, आणि शेवटी माझ्या मनाच्या मोठेपणावर दोघेही थोडे रडू.

आपांनी हात धुतले, पदराला पुसले आणि कागद घेतला. नातवाला हाक मारून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायला लावला. चतुःसीमा दोनदा वाचून घेतल्या. मग म्हणाल्या, "किराया कौन वसूल करता है अभी? अगले महीने से मेरे पास आना चाहिए." एवढेच. घडी घालून कागद आत नेऊन ठेवला आणि म्हणाल्या, "खाना खाके जा."

खरे सांगतो, मला वाईट वाटले. एक शब्द आभाराचा नाही, एक थेंब डोळ्यांत नाही. परतीच्या गाडीत ते दुखणे मी बराच वेळ कुरवाळत होतो. रनाळे गेले, आणि मग लक्षात आले की सोसायटीचे कर्ज फेडल्यावर तिथला कारकून काही माझ्या गळ्यात पडत नाही. पावती देतो आणि पुढच्याला बोलावतो. मी आभाराची वाट पाहत होतो, म्हणजे मनात अजूनही बक्षीसच देत होतो. आपांनी मात्र त्या कागदावरचा 'बक्षीस' हा शब्द मान्य केला नाही. जे त्यांचे होते ते त्यांनी उशिरा आलेल्या थकबाकीसारखे घेतले, पुढच्या भाड्याचा हिशेब विचारला आणि भावाला जेवायला वाढले. माहेरही तुटले नाही, हिस्साही सुटला नाही. मागच्या नऊ वर्षांच्या भाड्याबद्दल त्या बोलल्या नाहीत. मी ते लिहून काढले आहे. हप्त्याने देतो आहे.

गाडी दोंडाईच्यात शिरली तेव्हा ठसका लागला. कोणीतरी विचारले, गाडी किती लेट आहे? दुसरा घड्याळ पाहून म्हणाला, राइट टाइम.

ती मुलगी आता कुठे आहे, मला माहीत नाही. लग्न होऊन कुठेतरी नांदत असेल. भाऊ असतील तर कदाचित तिनेही एका कागदावर सही केली असेल. कधी भेटली तर तिला सांगायचे आहे, बेटा, तू बरोबर विचारले होतेस. हक्क असला म्हणजे ते बरोबरच असते असे नाही. हक्क माझा असेल, तर ते बरोबर आहे की नाही, हे दुसऱ्याला विचारावे लागते. आणि त्याने मोकळेपणाने 'नाही' म्हणावे, इतकी जागा त्याच्यासाठी ठेवावी लागते. त्या दिवशी मी तुला खाली बसवले. ते रॉंग होते.